चाललो, हे कबूल

मी वकीलसाहेबांच्या हाताखाली काम शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी मला कायद्यातलं एक अक्षरही विचारलं नाही. टेबलावर कोणाचा तरी अर्ज पडला होता. तो माझ्यापुढे सरकवून त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या काळी प्रत्येक अर्जाच्या शेवटी असायची तीच ती ओळ: सबब न्याय्य व योग्य तो हुकूम व्हावा.

"हे खोडा," ते म्हणाले.

मी नागपूरहून परीक्षा पास होऊन नुकताच आलेला. म्हटलं, साहेब, ही ओळ तर सगळेच लिहितात. त्यावर ते म्हणाले, सगळेच लिहितात म्हणूनच तिच्यात काही उरलेलं नाही. न्याय्य काय हे आपल्याला ठाऊक नसेल तर अर्ज लिहूच नये. ठाऊक असेल तर सरळ लिहावं, न्यायाधीशाला कोडं घालू नये. मी ओळ खोडली आणि त्यांचा ज्युनिअर झालो.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं ते तालुक्याचं गाव. छप्पन साली आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. कोर्टाची इमारत तीच राहिली, आवारातल्या निंबाखाली पुकाराची वाट पाहत बसणारी माणसंही तीच. न्यायाधीश मात्र मुंबईकडून बदलून यायला लागले. बाररूममध्ये यावर फार चर्चा चालायची, कोण खूश, कोण नाराज. आमचे साहेब तिच्यात पडत नसत. राज्य कोणतंही असो, आपला माणूस काय बोलतो ते त्याला समजतं का, एवढंच पाहायचं, असं त्यांचं म्हणणं.

उंच, थोडे वाकलेले, काळ्या कोटाखाली धोतर. उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. कोटाच्या खिशात भाजलेली जवस. सुनावणीच्या आधी ती चिमूटभर समोरच्या वकिलाच्या हातावर ठेवायचे आणि मग आत जाऊन त्याच वकिलाला घाम फोडायचे. त्यांच्याकडे चांगली सायकल होती, पण ते तिच्यावर बसत नसत. हँडल धरून शेजारून चालायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, सायकलवरच्या माणसाला कोणी थांबवून बोलत नाही.

त्यांचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांचे मुन्शी जेरीला आले होते. दावा लिहून झाला की तो पक्षकाराला वाचून दाखवायचा, मग पक्षकारानं तो आपल्या शब्दांत त्यांना परत सांगायचा. सांगता आला तरच सही किंवा अंगठा. राजूरच्या कोळशाच्या खाणीतला एक कामगार आला होता. त्याच्या कागदात मी "सेवेतून कमी करण्यात आले" असं लिहिलं होतं. त्यानं सगळं नीट परत सांगितलं, पण या जागी आला की अडायचा. शेवटी म्हणाला, "कमी नाई केलं जी. हाकलून देलं." साहेबांनी कागद फाडला आणि नव्यानं लिहायला लावलं: हाकलून दिले. न्यायाधीशांनी विचारलं, ही कोणती कायदेशीर संज्ञा? साहेब म्हणाले की संज्ञा नाही, घडलेली गोष्ट आहे.

बोरी अरबकडचा एक शेतकरी थोरल्या भावावर दावा लावायला आला. वाटणी कधीच झालेली, वावर चोख मोजलेलं, तरी हा म्हणे मले न्याय पायजे. साहेबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारत राहिले, न्याय म्हणजे नक्की काय पाहिजे? बांध सरकवायचा आहे? विहिरीचं पाणी पाहिजे? तो सगळ्याला नाही म्हणाला. बऱ्याच वेळानं खाली पाहून म्हणाला, "माह्या पोरीच्या लग्नात तो जेवला नाई." साहेबांनी वकीलपत्र बाजूला ठेवलं. याचा अर्ज कोर्टात चालत नाही, भावजयीकडे चालतो, असं सांगून त्याला परत पाठवलं आणि फी घेतली नाही. मुन्शी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच फी सोडली होती.

घरी काकू, साहेबांच्या पत्नी. साहेबांपेक्षा कमी बोलायच्या, पण त्यांचं बोलणं जास्त लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "बाहेर एकेका शब्दासाठी भांडतात आणि घरात ‘हं’वर संसार करतात."

हे सगळं गमतीचं वाटतं, आणि तेव्हा मलाही ते तसंच वाटायचं. पण त्यांच्या या हट्टाला धार होती, आणि ती मला पांधणीच्या दाव्यात कळली.

पांधण म्हणजे गाडीवाट. आमच्या तालुक्यात एक बंजारा तांडा होता. तिथल्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल घेऊन मुलूखभर हिंडलेले, आता मात्र ते जमिनी घेऊन शेती करत होते. त्यांच्या शेतांकडे जाणारी पांधण एका पाटलाच्या वावरातून जायची. तिच्यावरून त्यांच्या गाड्या बापजाद्यांपासून चालत आलेल्या. धाकट्या पाटलाच्या हातात कारभार आला आणि त्यानं वाटेवर काटे टाकून ती बंद केली. कपाशी वेचायला आलेली, आणि गाडी शेतापर्यंत जाईना. बायका डोक्यावर गाठोडी घेऊन नाल्यातून ये-जा करायला लागल्या.

तांड्याच्या वतीनं दावा लावला तो धनीबाईनं. साठीची विधवा बाई, हातभर बांगड्या, ताठ मान. साहेब तिला याडी म्हणायचे. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. धनीबाईनं पहिल्याच भेटीत साहेबांना सांगितलं होतं की त्यांच्या तांड्यात भांडण सोडवायला बसतात त्याला नसाब म्हणतात. साहेबांना तो शब्द फार आवडला. इन्साफच घासून घासून नसाब झाला असावा, असं म्हणाले आणि दिवसभर तोच घोळवत राहिले.

कायद्याचा मुद्दा छोटा होता. वाट वर्षानुवर्षं हक्कानं वापरली असेल तर ती मालकाला बंद करता येत नाही. पण मालकाची परवानगी घेऊन वापरली असेल तर ती त्याची मेहरबानी, आणि मेहरबानी केव्हाही आवरता येते. म्हणजे हक्कानं की परवानगीनं, एवढ्या एका शब्दावर सगळा तांडा लटकलेला.

न्यायाधीश मुंबईकडचे. माणूस सचोटीचा, वेळेचा पक्का, पण वऱ्हाडी कानाला नवी. साक्षीदार मराठीत बोलायचा, कारकून ते मराठीत लिहून घ्यायचा आणि न्यायाधीश स्वतः इंग्रजीत सारांश लिहायचे. निकाल देताना बघायचा तो सारांशच.

धनीबाईची उलटतपासणी सुरू झाली. पाटलाचा वकील हुशार आणि अतिशय गोड बोलणारा. त्यानं आधी तिच्या मुलाबाळांची चौकशी केली, थोरले पाटील किती चांगले होते ते तिच्याकडून वदवून घेतलं आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, थोरल्या पाटलांना विचारल्याशिवाय तुम्ही कधी त्या वाटेनं गेलात का?

धनीबाईला तो प्रश्न अपमानाचा वाटला. ती म्हणाली, "नाई जी. इचारल्याशिवाय कशी जाईन? इतकी का मी माजली?"

न्यायाधीशांचं पेन चाललं. मी बाजूला उभा होतो, मला ते इंग्रजी वाक्य वाचता आलं. साक्षीदार मान्य करते की मालकाच्या परवानगीशिवाय त्या वाटेचा वापर कधीही झाला नाही.

साहेब उठले. बाईचं वाक्य बाईच्या शब्दांत घ्या, अशी विनंती त्यांनी केली. न्यायाधीश म्हणाले, आशय घेतला आहे. साहेब म्हणाले, "हुजूर, तो आशय तुमचा आहे. बाईचा नाही."

न्यायाधीशांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. पुन्हा सांगितलं, तरीही नाही. बेअदबीची समज दिली, ती त्यांनी मान झुकवून ऐकली आणि उभेच राहिले. न्यायाधीशांनी तो दावा दुसऱ्या दिवसावर ठेवून पुढची कामं पुकारली. वकील येत होते, तारखा घेऊन जात होते, आणि आमचे साहेब छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून कोर्ट उठेपर्यंत तसेच उभे. मी त्यांना पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी उभ्यानंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी फेरतपासणीत एक प्रश्न विचारायची मुभा दिली. कायद्यानं ती मिळायलाच हवी होती, पण त्यांनी ती उपकार केल्यासारखी दिली. साहेबांनी विचारलं, "याडी, तू पाटलाले काय इचारत होती?"

धनीबाई गोंधळली. यात काय सांगायचं, असा तिचा चेहरा. मग म्हणाली, हेच की, काय पाटील, बरं हाये का, सून बाळंत झाली का, औंदा कपाशी कशी हाये. त्याईच्या वावरातून जाचं आन् मुकाट्यानं जाचं, हे बरं दिसते का?

लोक हसले. न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि स्वतः विचारलं, म्हणजे जाण्याची परवानगी मागत नव्हता?

त्या बाईनं दिलेलं उत्तर मी पुढे कित्येक कोर्टांत, कित्येक वकिलांना सांगितलं आहे. ती म्हणाली, "वाट कोनी इचारून चालते का, सायेब? वाट पायाखाली राह्यते. इचारा लागते मानसाले."

कारकुनानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. साहेब खाली बसले.

तरी आम्ही हरलो. निकालात लिहिलं होतं की साक्षीदाराचा नंतरचा खुलासा पढवलेला दिसतो, आधीचं उत्तर स्वाभाविक होतं. मला राग आला, कारण दोन्ही उत्तरं स्वाभाविकच होती. साहेब रागावले नाहीत. अपील दाखल करायला सांगून ते निकालाची नक्कल घेऊन तांड्यावर गेले. त्यांचा नियम असा की हरलेला निकालही पक्षकाराला समजेपर्यंत सांगायचा.

सगळा तांडा जमला. साहेबांनी निकाल वाक्यावाक्यानं वऱ्हाडीत सांगितला. काही लपवलं नाही, न्यायाधीशांना नावंही ठेवली नाहीत. तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या सायबानं वाट पायली का?

साहेब म्हणाले, नाही.

"मंग कायचा नसाब?" नायक म्हणाले.

परत येताना गावाजवळ आल्यावर साहेबांनी अंगातला कोट काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, उद्यापासून मी काही दिवस वकील नाही. तारखा तुम्ही सांभाळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच त्या पांधणीवर गेले. काटे छत्रीनं बाजूला सारले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मग परत चालत आले. तांड्यातली तरुण पोरं गाड्या जुंपून निघाली होती, त्यांना त्यांनी परत पाठवलं. तुम्ही आलात तर डोकी फुटतील आणि खटले तुमच्यावर होतील, आधी मला एकट्याला चालू द्या, असं त्यांनी सांगितलं. मग रोज ते तेच करायचे. वाकलेला म्हातारा, डोक्यावर छत्री, धोतराचा सोगा हातात, दोन्ही बाजूंच्या कपाशीमधून चाललेला. लोक बांधावर उभे राहून बघायचे. बाररूममध्ये त्यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं ठरलं. मला बोलावून सांगण्यात आलं की त्यांना डॉक्टरकडे न्या.

पाटलालाही आधी गंमतच वाटली. एके दिवशी तो स्वतः वाटेवर आला, नमस्कार केला, गड्याला पाणी आणायला सांगितलं. मी त्या दिवशी एका कागदावर सही घ्यायला साहेबांकडे गेलो होतो, म्हणून हे माझ्यासमोर झालं. पाटील हसत म्हणाला, "वकीलसायेब, तुमी कायले काट्यातून जाता? तुमाले माही परवानगी हाये. खुशाल चाला."

साहेबांनी पाणी पिऊन लोटा गड्याच्या हातात दिला. म्हणाले, "ती नको म्हणूनच चालतो आहे."

पाटलाचं हसू गेलं. माणूस वाईट नव्हता. तो जर चुपचाप बसला असता तर साहेब चालून चालून थकले असते. पण देऊ केलेली परवानगी कोणी परत करावी, हे त्याला सहन झालं नाही. त्यानं ठाण्यात जाऊन फिर्याद दिली, की वकील आपल्या शेतात बेकायदा शिरतो आणि आपल्याला त्रास देण्याच्या हेतूनं शिरतो.

खटला मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिला. साहेबांनी वकील घेतला नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांना पाहून कोर्टातल्या चपराशाला काय करावं ते कळेना. सवयीनं त्यानं त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली आणि मग ओशाळून परत ओढली. दोषारोप वाचून झाल्यावर मॅजिस्ट्रेटनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

साहेब म्हणाले, "चाललो, हे कबूल. गुन्हा हा शब्द फिर्यादीचा आहे, तो त्यानं सिद्ध करावा."

हो की नाही ते सांगा, असं मॅजिस्ट्रेट म्हणाले. साहेबांनी तेच वाक्य पुन्हा, तितक्याच शांतपणे सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मॅजिस्ट्रेटनी नाकबूल असं लिहून घेतलं. पुढे पाटलाच्या वकिलानं, त्याच गोड माणसानं, पाटलाला त्रास झाला हे सिद्ध केलं. साहेबांनी उलटतपासणीत पाटलाला एवढंच विचारलं, त्रास माझ्या चालण्यानं झाला की तुमची परवानगी न घेण्यानं? पाटील प्रामाणिकपणे म्हणाला की चालल्यानं वावराचं काही बिघडलं नाही, पण आपली काही किंमत ठेवली नाही याचं वाईट वाटलं.

शिक्षा झाली ती दंडाची, न भरल्यास साध्या कैदेची. मी धावत साहेबांच्या घरी गेलो, दंडाच्या पैशांसाठी. काकू परसात तूर पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपातला कचरा बाजूला काढला आणि म्हणाल्या, "भरू नका. भरलात तर घरी आल्यावर दोन महिने ‘हं’ पण म्हणायचे नाहीत."

मग त्यांनी एका पिशवीत दोन धोतरं, घोंगडी आणि चष्म्याचं घर भरून माझ्याकडे दिलं.

साहेब यवतमाळच्या तुरुंगात असतानाच जिल्हा कोर्टात आमचं अपील निघालं. ते मलाच चालवावं लागलं. माझी तयारी होती, धीर नव्हता. जिल्हा न्यायाधीश आमच्याच मुलखातले, वयस्क. मी नजिरांची, म्हणजे जुन्या निकालांची, थप्पी उघडली, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि इंग्रजी सारांश बाजूला करून कारकुनानं लिहिलेली मराठी साक्ष मागवली. धनीबाईचं उत्तर त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचलं. वऱ्हाडीतच वाचलं, तिच्या ढंगात. वाचून झाल्यावर पाटलाच्या वकिलाकडे पाहून म्हणाले की आमच्याकडे रस्त्यात भेटलेल्या माणसाला न विचारता पुढे जाणाऱ्याला लोक शिष्ट म्हणतात. पांधण मोकळी झाली. हक्कानं.

मी ही बातमी तुरुंगात सांगायला गेलो. गजांच्या पलीकडून साहेबांनी मला निकालाचा शब्दन् शब्द सांगायला लावला. मग विचारलं, तांड्यावर जाऊन आलात का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग इथं काय करता? ज्याचा निकाल आहे त्याला आधी सांगायचा.

ते सुटून आले आणि गोष्ट इथं संपायला हवी होती. पण शिक्षा झालेल्या वकिलाची सनद का काढून घेऊ नये, म्हणून त्यांना वरून विचारणा आली. तोवर साठ साल उजाडून नवीन राज्य झालं होतं, कागदावरचं नाव बदललं होतं, भाषा तीच होती. झाल्या प्रकाराबद्दल आपणास खेद आहे काय, असा त्या विचारणेत प्रश्न होता. खेद आहे एवढं लिहिलं की प्रकरण मिटेल, असा निरोप बाररूममधल्या थोर मंडळींनी माझ्यामार्फत दिला. मी एक मजकूर तयार करून नेला. त्यात खेद होता, आदर होता, यापुढे असे घडणार नाही असंही होतं. साहेबांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि सांगितलं, चांगला लिहिला आहे, पण कोणासाठी लिहिला आहे ते कळत नाही. मग स्वतः दोन ओळी लिहिल्या. वाट बंद होती तेव्हा मला खेद होता. आता नाही.

सनद काही काळासाठी गेली. मी फार बोललो त्या दिवशी, नको ते बोललो. तुमच्या दोन ओळींनी माझंही ऑफिस बंद पडलं, असं म्हणालो. ते ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले की ऑफिस तुमच्या नावानं चालवा, सही तुमची, मी ओट्यावर बसतो.

आणि ते खरंच ओट्यावर बसायला लागले. एका सकाळी मी पोचलो तर ओट्यासमोर पाटील उभा. तोच, पांधणीचा. मला वाटलं, आता काहीतरी होणार. काकूही दारात येऊन थांबल्या. पाटील चपला काढून वर आला आणि म्हणाला की चुलत्याशी वाद आहे, विहिरीवरून, त्याचा सल्ला पाहिजे.

साहेब म्हणाले की आपण आता वकील नाही, सनद गेली आहे, आणि ती कोणापायी गेली हे पाटलाला ठाऊक असेलच.

"म्हून तं आलो," पाटील म्हणाला. "बाकीचे वकील मले पायजे तेच सांगून राह्यले."

साहेबांनी चटईवर थोडं सरकून त्याला जागा करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "आधी तुमचं कुठं चुकलं, ते सांगा."